गाण्यात दाखवलेली खोली

"ते गाणं काढून टाकणार असशील तर बस, नाहीतर ऊठ," मी म्हणाले. भूषण आधीच बसला होता. त्याचा पाय सारखा हलत होता आणि त्याबरोबर माझं टेबलही.

मी सुरतेच्या डिंडोली भागात वधू-वर मंडळ चालवते. खानदेशातून सुरतेला कामाला आलेल्या मुलांची लग्नं जमवते. मुलं इथली, मुली बहुतेक गावाकडच्या. आमच्या धंद्याची एक भाषा आहे. बायोडाटात 'टेक्स्टाइल कंपनीत सुपरवायझर' असलं, की मुलगा बारा तास लूमवर उभा असतो असं समजायचं. 'स्वतःची रूम' म्हणजे भाडं स्वतः भरतो. गावाकडच्यांनाही थोडंफार कळतं, पण कुणी खोदून विचारत नाही. लग्न होतं, मुलगी येते, थोडे दिवस रडते आणि संसाराला लागते. असंच चाललं होतं.

मग हा भूषण उपटला. एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे भरतकामाच्या मशीनच्या कारखान्यात, ऑपरेटर. त्यानं अहिराणीत रॅप रचलं आणि मोबाइलवर टाकलं. आमच्या लग्नांत बायका गाण्यातून व्याह्यांची टिंगल करतात, तसलंच ते. फक्त हा मशीनच्या खडखडाटावर म्हणत होता. व्हिडिओ त्याच्याच खोलीत काढलेला.

"खोली एक नि माणसे सात,
पाय पसारा ते दारना बाहेर,
फ्रिज शेजारना, सोफा मित्रना,
म्हने पोऱ्या मॅनेजर शे!"

मुलीकडच्यांना दाखवायला मुलं शेजाऱ्याचा फ्रिज नि मित्राचा सोफा आणून मांडतात, त्यावर हा टोमणा. ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. मग फोन सुरू झाले. धुळ्याकडून, शहाद्याकडून, एकच प्रश्न: "ताई, आमचा जावई गाण्यातला तर नाही ना?" जमलेल्या सोयरिकी अडकल्या. डिंडोलीतल्या आमच्या खानदेशी बायकांच्या पुढारी रंजनाबाई, त्यांच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीचे मामा न कळवता सुरतेला आले आणि बायोडाटातल्या 'फ्लॅट'मध्ये त्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरुणं दिसली. रंजनाबाई माझ्या ऑफिसात येऊन वाटेल ते बोलून गेल्या. मला ॲसिडिटी सुरू झाली.

आणि हे सगळं करणारा पठ्ठ्या आता माझ्यासमोर बसून स्थळ मागत होता.

"काढून टाक रे ते," मी म्हणाले. "तुला मुलगी देणार कोण?"

"काढू कसं मावशी? लोके म्हनतीन, खोटं व्हतं म्हनीसन काढं."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"मनी माय रडस. लहाना भाऊनं बी लगीन व्हई गयं." पाय हलायचा थांबला. "माले बी करनं शे लगीन."

मला राग आला होता आणि दयाही आली. त्याचं नाव नोंदवलं. रंजनाबाईंना लगेच कळलं.

"तेनं नाव ठेवशी, तं आम्ही सगळ्याजणी आमना पोरेसना नावे काढी लेसूत," त्यांनी फोनवर सांगितलं. त्या बोलतात तसं करतात. माझा धंदाच त्या बायकांवर चालतो. फोन ठेवला आणि मी ऑफिसात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले. भूषणचं नाव काही काढलं नाही; त्यांनी मात्र आपल्या मुलांची नावं काढून नेली.

भूषणचा फोटो पाठवला की नकार यायचा. एका बापानं तर फोटोला उत्तर म्हणून गाणंच परत पाठवलं. शेवटी नंदुरबारकडून फोन आला. मुलगी ज्योती, शिवणकाम करणारी. तिचे वडील म्हणाले, "तो गाणंवाला ना? त्याची खोली बघितली आम्ही मोबाइलवर. पोरगी म्हणते, प्रत्यक्ष बघायची."

मी भूषणला बजावलं, "खोली आहे तशी ठेव. काही म्हणजे काही करू नकोस."

ज्योती आणि तिचे वडील आले, मी त्यांना खोलीवर घेऊन गेले. भूषणनं दार उघडलं. आत सोफा. कोपऱ्यात फ्रिज. रूममेट गायब. फुलशर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून भूषण घामानं निथळत होता.

"खोली तीच ना?" वडिलांनी विचारलं.

"तीच," भूषण म्हणाला.

ज्योती म्हणाली, "थंड पाणी मिळेल का?"

"माठातलं देतो."

"फ्रिज आहे की." ती उठली आणि तिनं फ्रिज उघडला. आतून लुंग्या, जीन्स, टॉवेल, कुणाचा तरी दाढीचा मग, सगळं तिच्या पायावर आलं. फ्रिजची वायर मागे गुंडाळून ठेवलेली. खोलीत बोर्ड एकच, त्यावर पंखा चालू होता.

संपलं, मी मनात म्हटलं. भूषणच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. सगळ्या सुरतेची खिल्ली उडवली आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा यानंही तेच केलं.

"गाणामा खरं सांगं," ज्योती म्हणाली. "मंग आते काबरं भ्यायनात?"

भूषण खाली बघत होता. "गाणामा लोके हसनात तं बरं वाटनं. तुम्ही हसशात म्हनीसन भ्यायनू."

ती खाली बसून जीन्सची घडी घालायला लागली. मग म्हणाली, "ज्यासना कपडा शेतस, त्यासले बलावा."

रूममेट सगळे गच्चीवर बसले होते. बनियनवर, एकामागे एक, मान खाली घालून खोलीत आले. तेव्हा ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भूषणही हसायला लागला. वडील मात्र हसले नाहीत. "आधी वेगळी खोली घ्या," ते म्हणाले. "मग तारीख काढू."

"फ्रिज नंतर घेऊ," ज्योतीनं पुस्ती जोडली. "पण आपला."

वेगळी खोली मिळाली, लग्न झालं. हळदीला मुलीकडच्या बायकांनी त्याचंच गाणं त्याला ऐकवलं, फ्रिजचं नवं कडवं जोडून. तो मांडवाच्या खांबामागे लपला होता. रंजनाबाईंनी नावं काढून नेली ती नेलीच, अजून रस्त्यात दिसल्या तर तोंड फिरवतात.

आता मुलीकडचे पहिल्याच फोनला म्हणतात, "गाण्यातल्यासारखी खरी खोली दाखवा." मी दाखवते. बायोडाटात ऑपरेटरला ऑपरेटर लिहिते. आणि डिंडोलीत आता खोली दाखवायच्या दिवसापुरता फ्रिज भाड्यानं मिळायला लागलाय, हाही त्याच गाण्याचा परिणाम.

म्हणून कुठल्याही खोलीत गेले, की मी आधी थंड पाणी मागते.