राजेश्वरी वन्संनी भरलेलं रजिस्टर

आमच्या वन्सं, राजेश्वरी मोहिते, वाघोडियाच्या बाटल्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं क्लार्क होत्या. हजेरीपट, पगारपत्रक, रजा, भरती, सगळं त्याच बघायच्या. लग्न केलं नाही, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. पण एकदा डूख धरला की सोडायच्या नाहीत. मला त्या त्यासाठीच आवडतात. ऊठसूट माफ करणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे.

त्या अकरा वर्षांत पर्सोनेल ऑफिसरची जागा तीनदा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा बाहेरून पुरुष आणून बसवला. प्रत्येकाला काम शिकवलं वन्संनी. तिसरा मयंक, मॅनेजर दिग्विजयरावांचा भाचा. आयत्या बिळावर नागोबा! वन्संनी केलेला प्रत्येक कागद हा "मी बनवला" म्हणून मामापुढे ठेवायचा. मयंक खुर्चीत बसला त्या दिवशी वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "वहिनी, याचं उट्टं काढल्याशिवाय मी रिटायर होणार नाही."

सत्त्याण्णव साली लेबर ऑफिसचं पत्र आलं. सोमवारी समान वेतनाची तपासणी. एकाच कामाला बाई-पुरुष असा भेद होतो का, हे रजिस्टरवरून बघणार होते. आणि ते रजिस्टर कारखान्यात कधी कोणी भरलंच नव्हतं.

दिग्विजयराव धावत वन्संच्या टेबलाशी आले. "राजेश्वरीबेन, फटाफट बनवून टाका. सोमवारी लफडं नको."

"जे आहे तेच लिहू ना, साहेब?"

"हा, हा, लिहा ने!"

दिग्विजयराव कागद कधी वाचत नसत. वन्सं पेन्सिलने फुली करून द्यायच्या आणि ते फुलीवर सही ठोकायचे. शनिवारी वन्संनी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी फुल्या शोधून सह्या केल्या आणि जेवायला गेले.

वन्संनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. पॅकिंग मशीनवर चार पुरुष ऑपरेटर, सहा बायका हेल्पर. काम दोघांचं एकच, पगार वेगळा. खाली ऑफिस. ऑफिसर, पुरुष एक: हजेरीपट, पगारपत्रक, रजा, भरती. क्लार्क, बाई एक: हजेरीपट, पगारपत्रक, रजा, भरती. पुढे दोघांचा पगार. मयंकचा दुप्पट.

सोमवारी निरुपमाबेन नावाच्या तपासनीस आल्या. चष्मा पुसून त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हे कोणी तयार केलं?"

"मी बनवलं, मॅडम," मयंक लगेच म्हणाला. मामाकडे पाहून हसलासुद्धा.

वन्सं खाली मान घालून बसल्या होत्या. तो हे म्हणणार, याची त्यांना खात्री होती.

"म्हणजे तुमचं आणि या बेनचं काम एकच आहे, हे तुम्हीच लिहून दिलंत," निरुपमाबेन म्हणाल्या. "मग या ऑफिसर का नाहीत?"

मयंकने तेव्हा पहिल्यांदा ते पान वाचलं. दिग्विजयरावांनी खालची सही ओळखली. त्या वेळचे त्यांचे चेहरे वन्संनी मला इतक्यांदा सांगितलेत, की मी स्वतः तिथे होते असंच मला वाटतं.

कारखान्याला नोटीस मिळाली: पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. मयंकला उत्तर लिहिता येईना. तिसऱ्या दिवशी दिग्विजयराव आमच्या कारेलीबागेच्या घरी पेंड्यांचा डबा घेऊन हजर. मी चहा दिला, पण बिनसाखरेचा. त्यांनी मुकाट्याने प्यायला.

"राजेश्वरीबेन, कंपनीची इज्जत तुमच्या हातात आहे."

"आधी मला ऑफिसरचं पत्र द्या. आणि मशीनवरच्या सहाजणींना ऑपरेटरची. मग उत्तर लिहीन."

"शेठना विचारावं लागेल."

"विचारा ना. मला कुठे घाई आहे?"

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. बाराव्या दिवशी सातही पत्रं आली. वन्संनी आपलं पत्र दोनदा वाचलं आणि रडल्या. मला वाटलं, आता विरघळणार.

उत्तर त्याच दुपारी लिहून झालं होतं. पण वन्संनी ते ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. दिग्विजयराव दिवसातून दहादा येऊन विचारत, "झालं का?" वन्सं म्हणत, "चालू आहे, साहेब." मयंकही दारात येऊन उभा राहायचा. पंधराव्या दिवशी लेबर ऑफिस बंद व्हायला तासभर असताना वन्संनी कागद दिग्विजयरावांच्या हातात ठेवला.

मी म्हटलं, "वन्सं, पत्र तर मिळालं होतं. मग तीन दिवस का रखडवलंत?"

"अकरा वर्षं मी वाट पाहिली," त्या म्हणाल्या. "त्यांनी तीन दिवस पाहिली."