गळ्यात पडून रडण्याचा मान

फुलसावंगीच्या अलीकडे ओढ्याच्या अंगाला एक तांडा आहे. तिथली मानीबाई रडण्यात हुशार होती. हसू नका. गोर बंजाऱ्यांत रडणं ही बाईला यायलाच लागणारी गोष्ट आहे. लेक सासरहून आली, भाऊ दूरगावाहून आला, की बाया गळ्यात पडतात आणि सुरावर रडतात. दुःख असलंच पाहिजे असं काही नाही. त्या सुरात मागचंपुढचं सगळं सांगायचं. तू नव्हतास तेव्हा कोण गेलं, कोणाची गाय व्याली, कोण कोणाशी कसं वागलं. एरवी तोंडावर बोलता येत नाही तेही त्यात खपतं. आणि ते मधे तोडायचं नाही, हा दंडक. बाई ज्याच्या गळ्यात पडली त्यानं तिचं सांगून होईस्तोवर मान खाली घालून उभं राहायचं. तांड्यात आपल्या माणसाला गोर म्हणतात आणि परक्याला कोर. कोरासाठी कोणी रडत नाही.

तर या रडण्याच्या जिवावर एक माणूस थेट जिनिव्हाला पोचला. तो मानीबाईचा धाकटा भाऊ, हिरासिंग. आईबाप पटकीत गेले तेव्हा मानीबाईनं त्याला आपल्या सासरच्या तांड्यावर आणलं, नवऱ्याची बोलणी खाऊन वाढवलं, पुसदला शाळेत घातलं. पोरगं मॅट्रिकला आपटलं, पण इंग्रजी फाडफाड बोलायला शिकलं. कामाच्या नावानं मात्र शंख. नांगर धरायचा म्हटलं की याच्या पोटात कळ यायची आणि कुठं सभा आहे असं कळलं की तीच कळ पळून जायची. "याच्या जिभेले हाड नाई," असं मानीबाई चारचौघींत म्हणायची, पण म्हणताना तिला आतून कौतुकच वाटायचं.

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात जागतिक जनसहाय्य परिषद नावाच्या संस्थेची जीप तांड्यावर आली. जीपमधून एक परदेशी बाई उतरली. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा, आणि चेहऱ्यावर असा कळवळा की जणू तांड्यातली सगळी माणसं काल रात्रीच मेली आहेत. दुभाष्या म्हणून हिरासिंग पुढं झाला. त्याच्याशिवाय इंग्रजी येतंय कोणाला?

नेमकी त्याच वेळी मानीबाईची लेक सुखीबाई सासरहून आली. लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती. मग काय, मायलेकी गळ्यात पडल्या आणि जो सूर लागला, तो पार ओढ्यापलीकडं ऐकू गेला. सुखी आपल्या सासूची म्हैस किती लाथाळ आहे ते रडून सांगत होती. परदेशी बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिनं विचारलं, ह्या का रडतात? आता हिरासिंगनं खरं सांगायला काय जात होतं? पण त्यानं त्या टोपीकडं पाहिलं, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "भुकेनं, मॅडम. लेकीला द्यायला आईकडं भाकर नाही."

मॅडमनं फोटो काढला. मग मानीबाईला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? मानीबाईनं सांगितलं. तांड्याची विहीर पायऱ्यांची. बाया पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या. तेच पाणी पोटात जायचं आणि वर्षाच्या आत कोणाच्या घोट्यातून, कोणाच्या पोटरीतून नारू बाहेर यायचा, हातभर लांब पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा. ही काही मानीबाईची अक्कल नव्हती. देवी टोचायला येणारा माणूस दरसाल हेच सांगून जायचा. म्हणून ती म्हणाली, "पायऱ्या बुजवा, वरून कठडा बांधा, दोरानं पाणी काढू द्या. बाकी आमचं आम्ही पाहून घेऊ."

हिरासिंगनं याचं इंग्रजी केलं. पण विहिरीत त्याला काही राम दिसेना. विहिरीवर कोण रडतं? त्यानं ती गाळली आणि आपल्या पदरचं घातलं, भूक, अंधार, शतकांचं मौन आणि असंच बरंच काही. मॅडमनं त्याचा हात हातात घेतला.

पुढं पावसाळ्यात दुधाच्या भुकटीची पोती आली. तांड्यात घरोघरी गाई, आणि ह्यांना भुकटी. तरी फुकटचं म्हणून बायांनी ती त्याच विहिरीच्या पाण्यात कालवून पोरांना पाजली आणि सगळ्या पोरांना हगवण लागली. उरलेली भुकटी भीमसिंग नाईकानं, म्हणजे तांड्याच्या मुखियानं, वासरांना घातली. वासरांनीही तोंड फिरवलं. आणि हिरासिंग? तो मॅडमच्या शिफारशीनं मुंबईला, मुंबईहून दिल्लीला आणि दिल्लीहून जिनिव्हाला गेला. तिथं म्हणे साऱ्या देशांची माणसं एका गोल दिवाणखान्यात बसतात आणि जगातल्या दुःखावर ठराव करतात. त्यात भटक्या जमातींचा आवाज म्हणून याची नेमणूक झाली. पाठीमागं मायलेकींचा तो फोटो भिंतभर लावून हा गळा काढायचा. बोलता बोलता नेमक्या जागी थांबायचा, चष्मा काढून डोळे पुसायचा. समोरचे पुढारीही रुमाल काढायचे आणि मग सगळे मिळून जेवायला जायचे. हे सगळं त्यानंच मोठ्या अभिमानानं पत्रातून कळवलं होतं. फुलसावंगीच्या मास्तरनं ते वाचून दाखवलं तेव्हा मानीबाईनं एवढंच विचारलं, "इहिरीचं काही लिवलं काय?" नव्हतं लिहिलं.

मधल्या वर्षांत सुखी बाळंतपणाला माहेरी आली, तेच पाणी प्यायली आणि वर्षाच्या आत तिच्या घोट्यात नारू निघाला. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा असतो, पण तो आत तुटला. पाय सुजला, सडला, आणि बरा झाला तो वाकडा होऊनच. लंगडी सून सासरच्यांना नको झाली. त्यांनी तिला पोरीसकट आणून घातलं. पोरगी रुपी, चार-पाच वर्षांची, दिवसभर हरणासारखी पळायची आणि तहान लागली की ओंजळीनं तेच पाणी प्यायची. मानीबाई तिच्या पायांकडं बघायची आणि तिच्या तोंडचं पाणी पळायचं. आता तिला जगात दुसरं काही नको होतं. रुपीचे पाय धड राहिले पाहिजेत.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात हिरासिंग आला. सोबत तीच मॅडम, दोन जीपा, आणि तिवईवर ठेवायचा चित्रपटाचा कॅमेरा. अंगात कोट, पायात चकाकते बूट. शेणाची पोवटी चुकवत असा चालत होता की जणू याचा जन्म पलंगावरच झाला. सोबत संस्थेनं घेतलेली डॉक्टरीण अकीला होती. उमरखेडच्या अय्यूब मिस्त्रीची लेक, नागपुरात डॉक्टरी शिकलेली. लहानपणी बापाच्या सायकलवर बसून ती तांड्यावर यायची, बाप शेतावरचं इंजिन दुरुस्त करायचा आणि ही पोरींत खेळायची. बोली तिला सगळी कळत होती. हिरासिंगला याचा पत्ता नव्हता. बोलीत बोलणाऱ्यांकडं त्याचं लक्षच कधी गेलं नव्हतं.

बहीण समोर उभी, पण ह्याला गळ्यात पडायची फुरसत नव्हती. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, ऐक. सुखी झोपडीमागून येईल, तू तिला मिठी मारायची आणि मागच्यासारखं रडायचं. एकदाच. पिच्चर जिनिव्हात दाखवू. पैसा मंजूर झाला की पहिल्यांदा तुझी विहीर."

"अन् नाई रडली तं?"

"तर मग मला काही सांगता येणार नाही."

मानीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. पाण्याच्या घोटाच्या बदल्यात हा बहिणीचं रडणं मागून राह्यला, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याची किळस आली. असला भाऊ वाढवण्यापेक्षा म्हैस वाढवली असती तर बरं झालं असतं. लाथा तरी उघड मारल्या असत्या. तोंडावर थुंकून आत जावं असं तिला वाटलं. पण पलीकडं रुपी विहिरीच्या पायऱ्यांकडं पळत चालली होती.

"रडतो," ती म्हणाली. "लाव तुया डबा."

कॅमेरा घरघरू लागला. सुखी लंगडत झोपडीमागून निघाली. मानीबाई तिच्याकडं गेलीच नाही. ती वळली आणि सरळ हिरासिंगच्या गळ्यात पडली. भाऊ इतक्या वर्षांनी परदेशातून आला होता, तिचा हक्कच होता. तिनं सूर लावला तसे तांड्यातले पुरुष जागच्या जागी उभे राहिले आणि भीमसिंग नाईकानं डोक्यावरचं पागोटं सावरून मान खाली घातली. हिरासिंगलाही घालावी लागली. दंडक होता.

ती रडली ती अशी रडली की बस. विरा, माझ्या भावा, तू उपाशी होतास तेव्हा माझ्या ताटातलं खाल्लंस. विरा, मी इहीर मागितली अन् तू माझी भूक विकलीस. मी कधी उपाशी होती रे? तुझ्या भुकटीनं आमची लेकरं हगली. तुझ्या कोटाची एकेक गुंडी माझ्या सुखीच्या घोट्यातून निघाली हाय. तू तिकडं चष्मा काढून रडतोस, इकडं माझी लेक काडीवर नारू गुंडाळते. रुपीचे पाय तरी सोड, विरा. कठडा बांध, पायऱ्या बुजव. बाया पदराआडून हुंदके देत होत्या, त्यातल्या दोघींना हसू आवरत नव्हतं. हिरासिंगच्या कानशिलावरून घाम निथळत होता. दोनदा त्यानं सुटायचा प्रयत्न केला, पण नाईकानं नुसतं वर पाहिलं आणि तो पुन्हा थिजला.

मॅडमनं रुमाल काढला. "काय म्हणते आहे ती?"

"भूक," हिरासिंग बहिणीच्या खांद्यावरून पुटपुटला.

"नाही," अकीला इंग्रजीत म्हणाली. आणि तिनं शब्द न् शब्द सांगितला, गुंड्यांसकट.

मॅडमचा चेहरा उतरला. मग ती उठली, विहिरीकडं गेली, चार पायऱ्या उतरली. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बायांचे पाय तिनं पाहिले आणि खूप वेळ ती वर आलीच नाही. ही विहीर मागच्या खेपेलाही तिथंच होती. तेव्हाही चार पायऱ्या उतरता आल्या असत्या, पण कळवळ्यापुढं डोळे उघडे ठेवायचं बाईला सुचलं नव्हतं.

विहीर झाली. पुढच्याच उन्हाळ्यात पायऱ्या बुजल्या, कठडा आला, रहाट बसला. आणि हिरासिंगचं काय झालं? काही नाही. त्याला बढतीच मिळाली. तांड्याच्या खऱ्या गरजा जगापुढं मांडणारा माणूस म्हणून त्याचा सत्कार झाला आणि विहिरीचं उद्घाटनही त्याच्याच हस्ते ठरलं. हार घालून, फोटोवाला घेऊन तो आला. जीपमधून उतरला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं मानीबाईसमोर दोन्ही हात पसरले. खरंच पसरले होते की फोटोसाठी, ते त्यालाच ठाऊक.

मानीबाई जागची हलली नाही. तिनं ओढणी कपाळावरून खाली ओढली, पार हनुवटीपर्यंत. बहीण भावासमोर कधी घुंघट घेत नाही. घेते ती परक्यासमोर.

"बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच सभेतल्यासारखा लागला नाही. "बाई, मी हिरा."

"रामराम साहेब," ती घुंघटाआडून म्हणाली. "दुरून आले तुम्ही. बसा. पाणी पाठवतो."

रुपी पळत आली, धडधाकट पायांनी, आणि तिनं त्याच्या हातात पितळी पेला दिला. हिरासिंग बाजेवर बसून पाणी प्यायला. तांड्यात कोणी रडलं नाही.