सोवळ्यातली ग्लॉसरी

बसूने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "विमलक्का, हे वाचा. मोठ्यानं वाचा."

मी चष्मा लावला. सातवीतल्या एका मुलाचं उत्तर होतं. प्रश्न असा: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत मत देण्याचा हक्क कोणाला होता? मुलानं लिहिलं होतं, 'जे लोक पहाटे अंघोळ करून सोवळं नेसून येत त्यांना. बाकीच्यांनी मतपेटीला शिवायचं नव्हतं.'

"मुलगा कल्पक आहे," मी म्हटलं.

"अक्का, अर्ध्या वर्गानं हेच लिहिलंय. एका मुलीनं तर उलट विचारलंय, तिकडच्या बर्फात त्या लोकांना ओलेत्यानं कसं जमायचं म्हणून."

मी चष्मा पुसून ते उत्तर परत वाचलं.

आमचं काम काय ते सांगते. बेंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात आम्ही परदेशी शाळांचे धडे मराठी शाळांसाठी मराठीत आणतो. बसू मॅनेजर, आणि मराठीच्या टीममध्ये आम्ही चौघं. वयानं मी सगळ्यांत मोठी, म्हणून मी लीड. शिक्षण विचाराल तर कन्नड शाळेत दहावी आणि वर टायपिंग. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कुठलं ते कोणालाच धड सांगता येत नाही. मराठी वाचायला मी घरातल्या पोथ्यांवर आणि जुन्या मासिकांवर शिकले. त्यामुळे माझी मराठी भारी आहे असा माझा समज होता. तो मी इतरांचाही करून दिला होता.

धडा सगळ्या शाळांना देण्याआधी दोन-तीन शाळांत वापरून बघतात, त्याला पायलट म्हणतात. हे त्या पायलटचं फळ होतं.

"क्लायंट काय म्हणतो?" मी विचारलं.

"शुक्रवारी परत पायलट. तेव्हाही असंच झालं तर मराठी बंद, पुढचं सगळं मशीन करणार." त्यानं लॅपटॉप परत आपल्याकडे ओढला. "म्हणजे तुम्ही चौघं घरी."

बाकीच्या तिघांना घरभाडं आहे, लहान मुलं आहेत. मला तसं काही नाही. पण मी दिवसभर घरी बसले तर माझ्या सुनेचं काय होईल, तेही डोळ्यांसमोर आलं.

आता चूक कुठली ते ऐका. कोणत्या इंग्रजी शब्दाला कोणता मराठी शब्द वापरायचा, याची एक पक्की यादी असते. ती ग्लॉसरी. एकदा ठरलं की सगळ्या धड्यांत तोच शब्द जातो. त्यात 'प्युरिटन' आला. प्युअर म्हणजे शुद्ध, शुद्ध म्हणजे सोवळे. तीन सेकंदांत मी शब्द ठरवला आणि तीन महिने त्यावर खूष राहिले. 'सोवळे लोक जहाजाने निघाले.' 'सोवळ्यांनी वसाहतीचे कायदे केले.' 'सोवळा असल्याशिवाय मताचा हक्क नव्हता.' मुलं बिचारी जे छापलं होतं तेच शिकली.

"दोन महिन्यांपूर्वी या शब्दावर एक कमेंट आली होती," बसू म्हणाला. "तुम्ही रिजेक्ट केलीत."

कमेंट नंदिनीची होती. टीममधली सगळ्यांत नवी, निपाणीकडची मुलगी. तिनं लिहिलं होतं, 'हा शब्द चुकतोय असं वाटतं. बोलूया का?' मी उत्तर दिलं होतं, 'ग्लॉसरीवर नवीन लोकांनी बोलू नये.' तशी माझी एक टेस्टच होती. नवीन माणसानं तीन उतारे भाषांतर करायचे, सगळ्यांसमोर उभं राहून एकेक शब्द का निवडला ते सांगायचं, आणि माझ्या मनाला पटलं तरच त्याला ग्लॉसरीवर कमेंट करायची मुभा. नंदिनीनं मुभा न घेता कमेंट केली होती. मी तिला इतिहासावरून काढून गणितावर पाठवलं. भूमितीत सोवळं-ओवळं येत नाही.

मी लिफ्टनं वरच्या मजल्यावर गणितवाल्यांकडे गेले.

"नंदिनी, स्वल्प वेळ आहे का?"

"त्रिकोण चाललाय अक्का. बसा."

"तो शब्द होता ना..."

"कुठला?" तिला चांगलं माहीत होतं कुठला.

"सोवळे. चुकलाय माझा."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "अक्का, हे लोक इंग्लंडच्या चर्चवर का रागावले होते? तिथले झगे, ती वाकावाकी, ते सणवार. हे सगळं कर्मकांड काढून टाका, धर्म शुद्ध होईल, असं त्यांचं म्हणणं. नाताळसुद्धा पाळायचे नाहीत. कर्मकांड नको म्हणून घरदार सोडून समुद्रापलीकडे गेलेली माणसं, आणि आपण त्यांना सोवळं नेसवलं."

मी पदर सारखा केला. तेवढंच करण्यासारखं होतं.

"मग मत कोणाला होतं?"

"चर्चचे सभासद असलेल्या पुरुषांना. सभासद व्हायचं तर आपल्यावर देवाची कृपा झाली, ती कशी कळली, हे सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. जुन्यांना पटलं तर आत." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आपल्या टेस्टसारखं."

"म्हणजे राज्य पाद्र्यांचं."

"तीच तर गंमत. पाद्र्याला सरकारी पद घेता येत नव्हतं. पण मत देणारे सगळे चर्चचे, कायद्याला आधार बायबलचा. मग पाद्र्यानं खुर्चीवर बसायचं कशाला?"

"आणि कोणाला हे पटलं नाही तर?"

"वसाहतीबाहेर. काही जणांनी शेजारी जाऊन नवी वसाहत काढली." तिनं पेन्सिल उचलली. "मी भूमितीत आले."

हसावं की रागवावं ते मला कळेना, म्हणून मी तिला खाली घेऊन आले.

आम्ही ठरवलं की 'प्युरिटन' हा शब्द तसाच ठेवायचा आणि ते कोण होते ते एका साध्या वाक्यात सांगायचं. दोन मिनिटांचं काम. पण ग्लॉसरीला कुलूप होतं. कोणी हात लावू नये म्हणून पासवर्ड मीच घातला होता आणि मलाच तो आठवेना. नंदिनी हळूच म्हणाली, "ती फाइल सोवळ्यात आहे, असं आम्ही म्हणायचो." कागदावर लिहिलेला पासवर्ड घरी होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला, देव्हाऱ्यात, कुंकवाच्या डबीखाली.

सुनेला फोन लावला. स्पीकरवर, कारण मला दुसरं काही जमत नाही.

"आई, देव्हाऱ्यातलं काढायचं? माझी अंघोळ व्हायचीये अजून."

बसू खिडकीबाहेर बघायला लागला. नंदिनीनं ओठ दाबून धरले. चौघांची नोकरी एका कुंकवाच्या डबीखाली होती.

"काढ," मी म्हटलं. "काही होत नाही."

शुक्रवारी उत्तरं आली. चर्चचे सभासद, देवाची कृपा, सगळं जागच्या जागी. एकानं शेवटी आपल्या मनानं वाक्य जोडलं होतं, 'हे लोक स्वतःच्या मनासारखं वागता यावं म्हणून इतक्या लांब आले आणि तिथे दुसऱ्याला वेगळं बोलू देईनात.' मी ते दोनदा वाचलं आणि पूर्ण मार्क दिले.

"सरी, ठीक झालं अक्का," बसू म्हणाला, "मराठी राहिली."

नंदिनी परत इतिहासावर आली. माझी ती टेस्ट बंद झाली. शब्द ठरवायला तीन सेकंद लागतात आणि बदलायला बेळ्ळंदूरहून येलहंकाला फोन करावा लागतो, एवढं मी शिकले. पासवर्ड आता चौघांकडे आहे. देव्हाऱ्यात फक्त देव आहेत.