शेऱ्याचा रकाना

सासरी बाईंना सगळे वेधशाळा म्हणत. नाव नणंदेने ठेवलं. वहिनी नोकरीला लागली, आणि काम काय म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठल्या शहरात गडबड होणार ते सरकारला आधी कळवायचं. नणंद म्हणाली, "म्हणजे वेधशाळाच की. फक्त पावसाच्या जागी दगड." तेव्हापासून जे चिकटलं ते चिकटलं. पुढे दिरांची मुलंसुद्धा वेधशाळाकाकू म्हणायला लागली. घरात कोणाचा आवाज चढला की सगळे यांच्या तोंडाकडे बघत, आणि बाईही गंभीर चेहऱ्याने सांगत, "जोरदार वादाची शक्यता, चाळीस टक्के. जेवण वेळेवर झालं तर दहा."

संस्था टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होती. तीन खोल्या, पाच माणसं आणि रबराचा वास. संस्था चालवणाऱ्या सरांनी प्राध्यापकी सोडून ती काढली होती. सरकारचं एक खातं दर दोन वर्षांनी राजकीय अस्थिरतेच्या अंदाजाचं टेंडर काढी, सर ते भरत, आणि मिळालं की पुढची दोन वर्षं पाचही जणांचं भागे. सहाशे गावांतून दर महिन्याला तक्ते येत. बाजार किती वाजता बंद झाला, बस किती वेळा रद्द झाली, शाळेत मुलं किती आली. हे आकडे गणिताच्या गिरणीतून काढले की प्रत्येक गावापुढे एक शब्द पडे: शांत, सावध किंवा धोका. अहवाल बंद पाकिटातून खात्याला जाई. तो दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही अशी करारात अटच होती, आणि ज्या गावाबद्दल तो असे त्या गावाला तर तो कधीच कळत नसे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बाईंनाही वाटलं नव्हतं.

बाईंचं काम आकडे साफ करण्याचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सहाशे गावांच्या सहाशे तऱ्हा. एका मास्तरने हजेरीच्या जागी स्वतःचा फोन नंबर लिहिला होता. एका शाळेत एका महिन्यात अठरा हजार मुलं आली होती. बाई असल्या तक्त्यांवर हसत, मग कपाळाला हात लावत, मग दुरुस्त करत. शेवटी त्यांनी स्वतःच एक नियम बसवला. हजेरी एका महिन्यात निम्म्याच्या खाली गेली तर ती लिहिण्यातली चूक समजायची आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी घालायची. नियम चांगला होता. दहापैकी नऊ वेळा ती खरंच चूक निघे. सरांनी या नियमाबद्दल त्यांचं कौतुकही केलं होतं.

चार वर्षांपूर्वी एका गावाबद्दल अहवालात 'शांत' गेलं आणि पाच आठवड्यांनी तिथे आग लागली. नगरपालिकेचा अध्यक्ष कोणी व्हायचं यावरून दोन गट एकमेकांवर उठले. अकरा दिवस संचारबंदी. तीन माणसं गेली. तिसऱ्या दिवशी संस्थेत सर म्हणाले, "अचानक झालं. कोणालाच दिसलं नसतं." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बाईंचा नाही पडला. आठवड्याने सगळे जेवायला गेले असताना त्यांनी कपाटातून त्या गावचा मूळ कागद काढला. मुलींच्या शाळेची हजेरी एरवी एकशेऐंशीच्या आसपास. त्या महिन्यात शाईने स्वच्छ लिहिलं होतं, एक्केचाळीस. बाईंनी नियमाप्रमाणे तिथे एकशेत्र्याऐंशी भरले होते. आणि कागदाच्या उजव्या टोकाला शेऱ्याचा रकाना होता. तो संगणकात जात नसे, म्हणून कोणी वाचत नसे. त्यात बारीक अक्षरात होतं: 'आकडा बरोबर आहे. पालक मुलींना घराबाहेर सोडत नाहीत.'

बाईंनी कागद परत जागेवर ठेवला. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून भीती जास्त वाटली. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, नवऱ्यालाही नाही. नियम मात्र त्यांनी गुपचूप काढून टाकला आणि दर महिन्याला सगळे शेरे वाचायला लागल्या. शिपाई रजेवर, छप्पर गळते, खडू संपले. संस्थेत वाटे, बाई आता मंदावल्या, वय झालं. चार वर्षं अशी गेली.

मग या वेळचं टेंडर आलं. त्यात एक नवा नमुना होता, क्रमांक सात. गेल्या दहा वर्षांत चुकलेल्या प्रत्येक अंदाजाचं कारण लिहायचं, मूळ माहिती पाठवणाऱ्याशी बोलून ते ताडून घ्यायचं, आणि खाली आकडे सांभाळणाऱ्या माणसाची सही. सरांनी त्या गावापुढे लिहून टाकलं: 'घटना आकस्मिक. पूर्वसूचना उपलब्ध नव्हती.' कागद बाईंच्या टेबलावर सरकवत म्हणाले, "सही करा आणि तिथल्या शाळेच्या मास्तरांना एक फोन लावून टाका. उपचार आहे."

फोन मुख्याध्यापकांनीच उचलला. बाईंनी आपण कोण ते सांगितलं, तारीख सांगितली आणि विचारलं की एक्केचाळीस हा आकडा बरोबर होता का.

"बरोबरच होता," ते म्हणाले. "मी शेऱ्यात लिहिलं होतं."

"हो. वाचलं मी."

"तेव्हा वाचलंत?"

बाई गप्प राहिल्या. मुख्याध्यापकांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "म्हटलं, वर लोक बसलेत, बघतात. काही असतं तर कोणीतरी येऊन सांगितलं असतं. पंधरा दिवस वाट बघितली, कोणी आलं नाही. म्हणजे आपल्या गावाला उगीच भीती पडलीय. मग मीच घरोघर फिरलो. माझ्या शब्दावर पाठवल्या हो लोकांनी मुली. त्या दिवशी एकशेशहात्तर हजर होत्या."

"आणि?"

"आणि काय. दुपारी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही वर्गातच. खिडक्या फुटल्या. सातवीतल्या एका मुलीच्या डोळ्यात काच गेली. तो डोळा गेला तिचा. आता कॉलेजला आहे, हुशार आहे." मग म्हणाले, "तुमचा दोष नाही मॅडम. जे तुम्हालाही दिसलं नाही ते मला काय दिसणार होतं?"

फोन ठेवल्यावर बाईंनी नमुना सात पुढे ओढला. आपण एक चुकीचा आकडा भरला, एवढंच ओझं त्या चार वर्षं वाहत होत्या. आता कळलं, की गावातल्या आयांना सगळं दिसलं होतं. मास्तरांनाही दिसलं होतं. वर बसलेल्यांच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवून त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं ठरवलं. बाईंना रडू आलं नाही. 

त्यांनी सरांचं वाक्य खोडून खाली लिहिलं: 'पूर्वसूचना उपलब्ध होती. शाळेने लेखी कळवली होती. मी ती चूक समजून बदलली व शेरा वाचला नाही.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "बाई, हे गेलं तर टेंडर गेलं."

"माहीत आहे सर."

"पाच घरं आहेत यावर."

"तेही माहीत आहे. पण त्या वाक्याखाली माझी सही होणार नाही."

सरांनी दोन दिवस अबोला धरला. चहासुद्धा खिडकीकडे तोंड करून प्यायले. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घरी नवऱ्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने खोदून खोदून विचारलं, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. नवरा साधा माणूस, टपालखात्यातून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "अगं, चार वर्षं एकटीच घेऊन बसलीस?" आणि पुढे काही न बोलता त्यांच्या पुढ्यातली भांडी उचलून घासायला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी सरांनी नमुना सात पाकिटात घातला. बाईंच्या मजकुरात त्यांनी फक्त एक स्वल्पविराम वाढवला होता.

टेंडरच्या मुलाखतीला खात्याचे तीन अधिकारी होते. मधल्या अधिकारी बाईंनी नेमका तोच कागद वर काढला. सर चटकन म्हणाले, "संस्थेच्या पद्धतीत त्या वेळी त्रुटी होती. जबाबदारी माझी."

"नियम मी केला होता," बाई म्हणाल्या. "आकडाही मीच भरला."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यात, उलट जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं.

"आता शेरे कोण वाचतं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी वाचते. सगळे."

"किती असतात?"

"महिन्याला चारशेच्या आसपास. दीड दिवस लागतो."

कोपऱ्यातल्या अधिकाऱ्याला हसू आलं. बाहेर रांगेत टेंडर भरलेली आणखी एक कंपनी होती, तिचं यंत्र सहाशे काय, सहा हजार गावं दहा मिनिटांत उरकत होतं. मधल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं, आणि ते काय होतं ते कधीच कळलं नाही.

टेंडर कंपनीला गेलं. गुणांचा तक्ता बाहेर फळ्यावर लावला होता. संस्थेपुढे लिहिलं होतं: 'मानवी हस्तक्षेपावर अधिक अवलंबून.' प्रत्येक बोली लावणाऱ्याचा नमुना सातही शेजारीच टांगलेला होता. बाईंनी कंपनीचा वाचला. नऊ चुकलेले अंदाज, आणि नऊच्या नऊ आकस्मिक.

संस्थेच्या तीनपैकी दोन खोल्या सुटल्या. दोघे जण दुसरीकडे लागले. सर म्हणाले, "बसच्या प्रवाशांची पाहणी मिळतेय, तीन महिने निघतील. याल ना?" बाई म्हणाल्या, "येईन की." नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, वेधशाळा बंद झाली म्हणे?" तेव्हा त्या हसल्या, पण टक्के काही सांगितले नाहीत.

महिना संपत आला तशी त्यांना चैन पडेना. तक्ते आता कंपनीकडे जाणार होते. तिथेही उजव्या टोकाचा रकाना संगणकात जाणार नव्हता. त्यांनी कपाट आवरताना त्या शाळेचा नंबर कागदावर उतरवून घेतला होता. एका दुपारी त्यांनी तो लावला आणि आधी जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. शेरा तेव्हा वाचला नव्हता. वाचला तो गाव जळल्यावर. आकडा पुसून आपणच दुसरा भरला होता.



"मग मी उगाच..." मुख्याध्यापक म्हणाले आणि थांबले.

"हो," बाई म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं. मुलींच्या आयांचंही."

"हे तुम्ही मला आज का सांगताय?"

"कारण आता ते कागद माझ्याकडे येणार नाहीत. जिथे जातात तिथे शेरा कोणी वाचत नाही. पुन्हा तसं काही दिसलं तर रकान्यात लिहून वाट बघू नका. मला फोन करा. तुमच्या आसपासच्या मास्तरांनाही सांगा."

"पण मॅडम, तुमच्याकडे तर काम राहिलं नाही. तुम्ही कोणाला सांगणार?"

बाईंनी यावर विचार केला नव्हता. खात्यात त्यांचं कोणी ऐकून घेणार नव्हतं. सरांच्या हातात काही उरलं नव्हतं. बावीस वर्षं जे कळलं ते त्यांनी वर पाठवलं होतं, आणि वरून काही खाली गेलं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"तुम्हालाच सांगेन," त्या म्हणाल्या. "चार गावांतून चार फोन आले आणि तुमचाही आला, तर मी परत तुम्हाला लावेन आणि म्हणेन, गुरुजी, मुलींना घरीच राहू द्या. चुकले तर एक दिवस शाळा बुडेल."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा," मुख्याध्यापक म्हणाले, "पेन घेतो."