दोन वाचनांच्या मधला धक्का

बॉयलरवाल्याला सगळी लाँड्री काटेमामा म्हणायची. एकोणतीस वर्षं माणूस प्रेशरच्या काट्याकडे बघत आलेला. जेवतानाही एक डोळा तिकडेच. त्या सकाळी मात्र त्याचे दोन्ही डोळे तिकडे लागले. काटा थोड्या थोड्या वेळाने उसळी मारून तांबड्या रेषेला शिवत होता आणि झटक्यात खाली येत होता. शेजारचा नवा डिजिटल मीटर मात्र ढिम्म. सहा म्हणजे सहाच!

"सहा दिवसांचा रेकॉर्ड सरळ आहे. तुमचा काटा म्हातारा झालाय," मॅनेजर म्हणाले. "उगाच बॉयलर बंद केलात, तर उद्यापासून येऊ नका."

आता काय करावं माणसाने? त्याच बॉयलरच्या वाफेच्या पाइपाकडे पाठ करून, चादरींच्या प्रेसवर त्याची बायको उभी होती. पाइप फुटला तर पहिली तीच भाजणार. आणि मीटर बसवला होता कुणी? त्याच्या सख्ख्या भाचीने. घरातली पहिली इंजिनिअर, त्यानेच कडेवर खेळवलेली.

त्याने तिला बोलावून घेतलं. "खरं सांग, हा तुझा डबा बघतो तरी कधी?"

"सारखा नाही बघत, मामा. वाफ हलली की काटा हलतो, मधे खंड नाही. हा ठरल्या वेळी एकदा बघतो आणि आकडा लिहितो. दर वीस सेकंदांनी, प्रेस उघडतो तेव्हा."

"आणि मधे?"

"मधे काहीच बघत नाही."

मामाने नुसतं बोट दाखवलं. प्रेस उघडला: सहा. धाडकन मिटला, वाफेची वाट अडली आणि काटा तांबड्यात. पुन्हा उघडला: सहा.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. "मीटर आणि प्रेस, दोन्ही एकाच टायमरला जोडले मी. नीटनेटकं होईल म्हणून... धक्के जितक्या वेळा येतात, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा बघायचं असतं, हे परीक्षेत लिहून पास झालेय रे मी!" तिने मीटर सेकंदाला वीस वाचनांवर आणला. आकडे नाचायला लागले. सहा, सात, साडेनऊ, सहा.

"थांबा, मीटरच बिघडला असेल," मॅनेजर म्हणाले. ऐकतोय कोण! मामाने आग बंद केली, वाफेचा व्हॉल्व्ह पिळला आणि बायकोवर ओरडला, "अगं, बाजूला हो आधी!"

"अहो, प्रेसमधल्या चादरी जळतील!"

"जळू देत!"

पाइप निवल्यावर त्यावरचं आवरण काढलं. जोडावर, बरोबर बायकोच्या पाठीच्या उंचीला, वीतभर चीर. भाचीच्या हातात सहा दिवसांचे कागद होते. प्रत्येकावर 'सर्व ठीक', खाली तिची सही.

"मामी, चूक माझी आहे," ती रडू लागली.

मामीने चिरेवरून बोट फिरवलं. मग एक कागद घेऊन तेच बोट सहीवर ठेवलं.

"तुझी सही आहे म्हणूनच निर्धास्त उभी होते गं मी इथे," ती म्हणाली.