दोन फोटोंच्या मधली पाच मिनिटं

पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी दादा तो हात स्वतःच्या गालाला लावून पाहत. सीटी स्कॅनच्या खोलीतला एसी कडक. गाल दचकला, की दोन्ही तळवे चोळायचे, पुन्हा गालाला लावायचे आणि मगच म्हणायचे, "सरक माय, थोडी वर." तुम्ही कधी त्या टेबलावर झोपला असाल, तर तिथे ऊबदार हात काय असतो हे तुम्हाला सांगायला नको.

यवतमाळच्या आमच्या सेंटरवर नंबर कोणाचा, उपाशीपोटी कोण, चहा ढोसून कोण आलं, हे माझ्या यादीत असे. मशीन ते चालवत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मूळचे दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचे. बायको गेलेली, मुलगी लांब नोकरीला. निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या मुदतीवर काम करत होते. सोमवारी विचारावं, "रविवार कसा गेला?" तर म्हणत, "इथंच येऊन एसी पाहून गेलो."

भिंतीवरच्या यादीत मी सगळ्यांच्या जेवणाच्या सुट्टीच्या जोड्या लावल्या होत्या.

"ताई, माह्यं नाव कुठं हाय?"

"तुम्ही कोणासोबत बसतच नाही दादा, लिहू कुठं?"

"तेही खरं हाय," म्हणून हसले. मीही हसले. यादी मात्र बदलली नाही.

पोटाचा स्कॅन तेव्हा दोनदा होई. आधी साधा, मग शिरेतून औषध सोडून दुसरा, त्यात आतलं सगळं उजळून दिसतं. मध्ये सुई लावायला, नळी जोडायला पाचेक मिनिटं जात. ती दादांची. काचेतून मला नुसते ओठ हलताना दिसत. पण बाहेर येईपर्यंत कपाशी किती, सून कशी, म्हैस कधी व्यायली, सगळं त्यांना ठाऊक झालेलं असे. मी ओरडायची, "दादा, गप्पा आवरा!"

"गप्पा कुठं ताई, शीर शोधून राह्यलो."

मग नवं मशीन आलं. औषध दिलेल्या फोटोतून तेवढं औषध हिशेबाने वजा करून साधा फोटो ते स्वतःच बनवायचं. म्हणजे पहिला स्कॅन नको, पेशंटच्या अंगावर किरणंही कमी. डॉक्टर सावध माणूस. म्हणाले, काही आठवडे दोन्ही काढा, ताडून पाहा, मग ठरवू. वही मी आखली. शेरा दादा सांगत, मी लिहीत असे.

"सारखं." "सारखं." "लिव्हर जरा वेगळं, पण चालते." "सारखं."

पानं भरत चालली. पहिला स्कॅन गेला तर ती पाच मिनिटंही जाणार, हे मला दिसत होतं. मी एकदा म्हटलं, "दादा, जरा हात राखून सांगा ना."

"कायले? फोटो खोटं नाही बोलून राह्यला, मी कायले बोलू?"

एकदा मात्र त्यांनी काच वाजवून मला स्क्रीनपाशी बोलावलं. मुकुटबनची एक बाई होती. साध्या फोटोत मूत्रमार्गात ज्वारीच्या दाण्याहून बारीक खडा होता; मशीनने बनवलेल्या फोटोत तिथे काहीच नव्हतं. औषध पुसता पुसता मशीनने खडाही पुसला होता. "पाहा ताई! चुकलं ना मशीन?" दादांचे डोळे चमकले. मग आतून बाईचं कण्हणं ऐकू आलं, तसे वरमले. "लिहा, सारखं नाही," एवढंच हळू बोलले.

डॉक्टरांनी वही नीट वाचली. खड्याचा संशय असेल तिथे साधा स्कॅन काढायचाच, बाकी सगळ्यांना एकच. निर्णय योग्य होता. सुई बाहेरच सिस्टर लावू लागली. माझी यादी पहिल्यांदाच वेळेत संपू लागली.

मुदत संपली तेव्हा दादांनी पुढचा अर्ज दिला नाही. मी कारण विचारलं.

"माणूस येते, झोपते, जाते," ते म्हणाले. "त्याले माहा काय उपेग?"

शेवटच्या दिवशीची शेवटची पेशंट तांड्यावरची एक म्हातारी होती. टेबल आत गेलं, बाहेर आलं. दादांनी तिला हात देऊन बसवलं.

"झालं?"

"झालं, याडी." तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"इतक्यात?"

"हो. इतक्यातच होते आता."

मग ते तिच्या चपला शोधायला खाली वाकले. टेबलाखाली पाहिलं, मशीनच्या मागे पाहिलं, कोपऱ्यातला पडदा उचलून पाहिला. शोधता शोधता ओठ हलत होते, म्हातारीही काही सांगत होती. काचेतून मला त्या चपला दिसत होत्या. दादांच्या पायाशीच, जोडून ठेवलेल्या.

मी काच वाजवली नाही.