सापसुरळीवाले नाना

आवारातली सापसुरळी नाना इतक्या अलगद उचलीत, की ती शेपूट टाकायचंही विसरून जाई. १९७०च्या आसपास मी धुळ्याला, देवपुरात कॉलेजात होते. नाना आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. मी पहिल्यांदा धरायला गेले, तर वळवळती शेपूट तेवढी हाती आली. नाना हसले. “माय, शेपूट धरशी ते शेपूटच भेटी. पोटखाले हात घाल.”

लोक तिला सापाची मावशी म्हणत आणि विषारी समजून ठेचत. कुणी काठी उचलली, की नाना हातातलं काम टाकून धावत. “गरीब शे ती, जाऊ द्या,” म्हणत स्वतःच आडवे उभे राहत.

शिक्षण चौथीपर्यंतचं, पण बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलताना ते प्रत्येक प्राणी निरखून पाहत. एकदा आमच्या वर्गासमोरच एक बरणी उचलून प्राणिशास्त्राच्या सरांना म्हणाले, “साहेब, ‘मबुया कॅरिनाटा’ लिखेल शे त्या दोन्ही बरण्या सारख्या नहीत. हिना खालनी पापनीमा काच शे. डोया मिटीसन बी हिले दिसत व्हई.”

सापसुरळीच्या शास्त्रीय नावाच्या त्या चिठ्ठ्या सरांनी स्वतः लिहिलेल्या. ते संतापले. “वर्गीकरण आता तुम्ही शिकवणार का आम्हाला?” नानांनी मान खाली घातली आणि बरणी जागेवर ठेवली. वर्गात कुणी हसलं.

चार दिवसांनी सर त्या बरणीपुढे भिंग घेऊन एकटेच बसलेले दिसले. खालच्या पापणीत खरोखरच पारदर्शक खवला होता. ही जात वेगळी, ‘मबुया डिसिमिलिस’. तास सुरू होताच सरांनी नानांना आत बोलावलं, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि आमच्यादेखत म्हणाले, “नाना, चूक माझी होती. नवी चिठ्ठी तुमच्या हातानं लिहा.” सरांनी फळ्यावर लिहिलेलं एकेक अक्षर पाहत नानांनी ती लिहिली. चिठ्ठी चिकटवून झाली तरी ते खुर्चीच्या अगदी कडेलाच बसले होते.

निवृत्तीनंतर वर्षभरातच नाना गेले. आम्ही विद्यार्थी पोचलो तेव्हा पांझरा नदीकाठच्या स्मशानाच्या वाटेवर गर्दी पुढे सरकत होती. जातीपातीचा, मानपानाचा फार विचार करणारे आमचे सर त्या दिवशी अनवाणी चालत होते. तिरडीच्या पुढच्या बाजूला नानांचा धाकटा मुलगा होता आणि त्याच्या शेजारी, शेवटपर्यंत खांदा न बदलता, सर.